बंदुकीचा वारस

आबा, तुमची बंदूक ठाण्यात जमा झाली. तुमचा दहावा उरकल्यावर दत्तू ती खांद्यावर टाकून कर्जतला गेला. परवाना ज्याच्या नावाचा तो माणूस गेला की बंदूक घरात ठेवता येत नाही, हे मला माहीत होतं. तरी मधल्या घरातली खुंटी मोकळी दिसली आणि मला रडू आवरेना. तुम्हाला उचलून नेलं तेव्हा रडले नव्हते एवढी त्या खुंटीखाली बसून रडले. दत्तूची सुमन म्हणाली, "वन्सं, आवो बंदुकीपायी कोन रडतं व्हय?" बंदुकीसाठी रडले नाही, हे तुम्हाला तरी सांगायला नको. ती मला कधीच आवडली नव्हती.

आता कोल्हारला परत आले आहे. शाळेत शिकवायला जाते. पोरांना शुद्धलेखन घालते आणि ओळ सांगता सांगता मध्येच थांबते, पोरं तोंडाकडे बघत राहतात. घरी भाकरी तव्यावर करपते. हे म्हणतात, थोडे दिवस रजा काढ. रजा काढून काय करू? बसलं की उठावंसं वाटतं, उठलं की कशाला उठले ते आठवत नाही. तुमच्याशी माझं एक भांडण अर्धं राहिलंय, आबा, आणि तुम्ही ते तसंच टाकून निघून गेलात. त्याचा निकाल मला एकटीला लावावा लागला. तो कसा लावला हे तुम्हाला सांगितल्याशिवाय माझं मन थाऱ्यावर यायचं नाही.

भेटायला आलेला प्रत्येक जण फिरून फिरून बंदुकीवरच येत होता. "आबा म्हंजी वाघ मानूस," असं कुणीतरी म्हणालं आणि बाकीच्यांनी माना डोलावल्या. मला दुःखातही हसू येत होतं. हा वाघ माणूस ज्वारीत हरणांचा कळप शिरला की आधी घसा फोडून ओरडायचा, मग पत्र्याचा डबा बडवायचा, आणि अगदीच नाइलाज झाला की आभाळाकडे नळी करून नुसत्या दारूचा बार काढायचा. बंदूकही ठासणीची. ती भरून होईपर्यंत हरणं शेजारच्या रानात निवांत पोट भरून घ्यायची. रानडुकरावर तुम्ही छर्रे टाकलेले मी पाहिलेत, नाही असं नाही. पण त्या दिवशी तुम्ही जेवला नव्हतात. आई ताट वाढून बसली होती आणि तुम्ही गोठ्यात बैलांचं अंग चोळत होतात. ती बोलवायला आली तर म्हणालात, "भूक न्हाई." दुसऱ्या दिवशी पारावर लोकांनी खोदून खोदून विचारलं, तरी तुमच्या तोंडून गोष्ट निघाली नाही.

खंडेनवमीला आपण अवजारं पुजायचो. पेरणीची पाभर, नांगर, कुळव, विळे, खुरपी, आईची विळीसुद्धा. गावात दुसरा परवाना होता त्या घरी बंदूक सगळ्यांत पुढे असायची, झेंडूच्या माळेत. आपल्या घरी ती सगळ्यांत मागे, भिंतीला टेकवलेली, तिला हळदीकुंकवाचं एक बोट. दत्तू दरवर्षी ती उचलून पुढे आणायचा आणि तुम्ही काही न बोलता परत मागे ठेवायचात. त्यानं फारच हट्ट धरला तर म्हणायचात, "पाभरीनं पोट भरतंय बाबा, हिनं न्हाई." दत्तूला ते कधी पटलं नाही. आख्ख्या गावात दोनच परवाने, त्यातला एक आपला, आणि बाप तो झाकून ठेवतो, असं त्याला वाटायचं.

आणि नामदेवतात्या. तुमचे चुलतभाऊ, बांधाला बांध, विहीर सामाईक. पाण्याच्या पाळीवरून तुमचं त्यांच्याशी वाजलं तेव्हा मी सातवीत असेन. तुम्ही रानातून तणतणत घरी आलात, तांब्याभर पाणी प्यालात आणि खुंटीवरची बंदूक काढलीत. आई दारात आडवी झाली. तुम्ही म्हणालात, "सर बाजूला. त्याच्याकडंच निघालोय." ते ऐकून ती मटकन खालीच बसली. तुम्ही बंदूक, दारूची डबी, बार उडवायच्या टोप्या, छर्‍यांची पिशवी असं सगळं घेऊन निघालात आणि मी रडत तुमच्या मागं. तात्या ओट्यावर होते, ते उठून उभे राहिले. तुम्ही सगळं त्यांच्या पायाशी ठेवलंत आणि म्हणालात, "नामदेव, आपलं मिटंस्तवर ही तुझ्या घरात राहू दे. मिटलं की नेतो." तात्या रागानं धुमसत होते, पण दारात आणून ठेवलेल्या वस्तूला नाही कसं म्हणणार? त्यांनी ती आत नेऊन टांगली. काकूंनी चहा केला. तुम्ही दोघांनी एकमेकांकडे पाठ करून तो प्यायलात. आई तुम्हाला त्यानंतर आठवडाभर बोलत होती, की आधी सांगायला काय जीभ झडली होती का.

ते भांडण सुगीपर्यंत चाललं. मध्येच ठाण्यातला जमादार बंदूक तपासायला आला.

"कुठाय बंदूक?"

"नामदेवकडं."

"कोण नामदेव?"

"ज्याच्याशी भांडण हाय त्यो."

जमादारानं टोपी काढून डोकं खाजवलं. मग तो तुमच्यावर जो सुटला! परवान्याची बंदूक दुसऱ्याच्या घरी ठेवणं गुन्हा आहे, परवाना जाईल, तुम्ही आत जाल. आणि तुम्ही शांतपणे त्यालाच समजावत होतात, "साहेब, भांडण त्याच्याशी हाय. मंग तिसऱ्याच्या घरी ठिवून काय उपेग?" तेवढ्यात तात्या स्वतःच बंदूक घेऊन आले, तेल लावून पुसलेली. तुमच्याशी अबोला होता, म्हणून जमादाराला म्हणाले, "त्यास्नी सांगा, समदं हाय का बघून घ्या म्हनावं." जमादारानं तुम्हा दोघांना एकत्रच शिव्या घातल्या आणि हसत निघून गेला. जाताना बंदूक आपल्या खुंटीवर टांगायला लावली. संध्याकाळी तुम्ही ती परत तात्यांकडे नेऊन दिलीत.

मास्तरीण झाल्यावर मी यावरून तुमच्याशी किती वाद घातला. परवाना म्हणजे सरकारनं तुमच्यावर टाकलेला विश्वास, तो तुम्ही उचलून दुसऱ्याच्या घरात कसा ठेवता, असं मी विचारायचे. तुम्ही म्हणायचात, "परवान्यावर माजं नाव हाय खरं. पर राग आला म्हंजी मी माजा कुटं ऱ्हातो? त्या येळंला सरकारचा कागद माजा हात धरायला येतो व्हय?" मी म्हणायचे, मग ज्याला राग येतो त्यानं बंदूक ठेवूच नये. तुम्ही हसायचात. "मंग कुनालाच ठिवता यायची न्हाई." "नगं ठिवू दे कुनालाच." "आन हरनं?" हरणांपाशी येऊन आपला वाद दरवेळी अडायचा, कारण हरणांचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. कोल्हारच्या पाटाच्या पाण्यावर राहून तुमच्या कोरड्या रानातल्या मूठभर ज्वारीची राखण कशी करायची ते सांगणं सोपं होतं. पण मला आवडायचं तुमच्याशी भांडायला. लेकीनं तोंड वर करून बोललेलं दुसऱ्या कुठल्या घरात चाललं असतं?

गेल्या भाऊबिजेला आले तेव्हा तुम्हाला चार पावलं चालून धाप लागत होती. दुष्काळ सरून पहिल्यांदाच रान तरारलं होतं आणि दत्तू ओवाळून घेतल्या घेतल्या राखणीला पळाला. तुम्ही मला बाजेपाशी बोलावलंत.

"शालन, माज्या मागं दत्तूला बंदूक मिळू दिऊ नगं."

मला आधी कळलंच नाही. मग मी नेहमीसारखी भांडायला लागले. "आबा, त्याला एक लेकरू हाय. सरकारला बंदुकीसाठी सोळा वर्सं पुरत्यात, तुमाला सव्वीस पुरंनात?"

"वय झालंय. पोच न्हाई."

"आसं केलं तरी काय त्यानं?"

"काय बी केलं न्हाई. बंदूक खांद्याला आली की त्याची चाल बदलती."

मी हसले. चालीवरून पोराला नापास करायचं, असं तर आमच्या शाळेतसुद्धा होत नाही, असं काहीतरी बोलले. तुम्ही हसला नाहीत. मग मला राग आला. मी म्हटलं, "येवढं हाय तर तुमीच सांगा की त्याला तोंडावर."

"माज्यानं व्हायचं न्हाई. लई मनाला लावून घेतो. बापाला आपला भरवसा न्हाई ह्ये कळलं, तर मोडंल त्यो."

"आन मी सांगितलं तर न्हाई मोडायचा?"

तुम्ही उत्तर द्यायला तोंड उघडलं होतं, तेवढ्यात सुमन पोराला कडेवर घेऊन आत आली आणि तुम्ही पोराकडे हात पसरलेत. मी हो म्हटलं नव्हतं, आबा. नाहीही म्हटलं नव्हतं. संध्याकाळच्या गाडीनं मी निघून आले आणि नंतर तुमची वाचाच गेली.

शेवटच्या त्या आजारपणात मी आले की दत्तूला बघत राहायचे. आई आधीच गेलेली; तुमची अंघोळ, तुमची कूस बदलणं, तुमच्या तोंडात चमच्यानं पेज घालणं, सगळं तो करायचा. सुमनला हात लावू द्यायचा नाही. ओठाच्या कडेला सांडलेली पेज तो स्वतःच्या टॉवेलनं पुसायचा आणि म्हणायचा, "आबा, हळू, कोन मागं लागलंय?" त्याच्याकडे बघून मला वाटायचं, आबांचा अंदाज चुकला. ज्याला एवढं कळतं त्याला पोच नाही कशी म्हणायची? तुम्ही डोळ्यांनी सगळं बघत होतात. कधीतरी तुम्ही माझ्याकडे बघून मान हलवाल, ते भाऊबिजेचं विसर म्हणून सांगाल, याची मी वाट बघितली. तुम्ही बघायचात, पण त्या बघण्याचा अर्थ मला लावता आला नाही.

मग तो बंदूक जमा करायला निघाला, ते मी ओसरीतून पाहिलं. गाडीचा थांबा आपल्या मागच्या बोळातून जवळ. दत्तू बोळातून गेला नाही. पारावरून, चावडीवरून, नामदेवतात्यांच्या दारावरून गेला. डोक्याचा गोटा केलेला, बाप जाऊन दोन आठवडे झाले नव्हते, आणि तो छाती काढून चालला होता. रडून रडून सुजलेल्या डोळ्यांचा माझा भाऊ, आणि चाल दुसऱ्याच कुणाची. कुणी विचारलं नसतानाही थांबून सांगत होता, "जमा कराया निघालोय. येती परत, माज्या नावावं." मला तुमचा इतका राग आला. तुम्ही त्या दिवशी काही बोलला नसतात तर मला ते दिसलंच नसतं. आपला भाऊ बापाची बंदूक घेऊन चाललाय एवढंच दिसलं असतं.

त्यात बांधाचं प्रकरण. तुम्ही अंथरुणावर होतात म्हणून तुमच्या कानावर घातलं नाही. नामदेवतात्यांच्या पोरांनी यंदा सामाईक बांध नांगरून वीतभर आत घेतला. दत्तूची आणि त्यांची बाचाबाची झाली. मी त्याला रानात गाठलं आणि सरळ विचारलं, "तुला बंदूक कशाला पायजे रं? हरनाला मारायला तर आता बंदी आलीया."

"डुकरं हायेत की."

"डुकरांना कुत्री हायेत."

तो हसला. अगदी लहानपणी हसायचा तसा. "आक्के, बंदूक काय उडवायसाठीच आस्ती व्हय? घरात हाय येवढं नामदेवतात्याला ठावं आसलं तरी पुरं. पुन्यांदा बांधाला नांगर लावायचा न्हाई."

त्याच्या मनात पाप नव्हतं, आबा. तात्यांवर तो नळी रोखेल असं मला आजही वाटत नाही. पण भांडण झालं की जी वस्तू तुम्ही आधी घराबाहेर काढायचात, ती त्याला भांडणासाठीच घरात हवी होती. आणि यात काही वेगळं आहे हे त्याच्या गावीही नव्हतं. मी तिथं बांधावर उभी होते आणि मला पहिल्यांदा कळलं की तुम्ही वयाबद्दल बोलतच नव्हता. वादात मी हरले होते, आणि मी हरले हे सांगायला तुम्ही नव्हता.

दत्तूनं परवाना आपल्या नावावर व्हावा म्हणून अर्ज केला होता, त्याच्या चौकशीला जमादार आला. तेव्हाचा नव्हे, नवा, तरुण. ओसरीवर बसून त्यानं शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारलं. सगळे म्हणाले, पोरगं चांगलं आहे, दारू पीत नाही, बापाची सेवा केली. सगळं खरंच होतं. नामदेवतात्यांनाही बोलावलं. ते खांबाला टेकून बसले होते, दत्तूकडे न बघता म्हणाले, "माजी काय हरकत? आन का म्हनून आसावी?" हरकत घेतली असती तर तात्या पुतण्याला घाबरले असं गावभर झालं असतं, आणि तेवढं त्यांना सोसणार नव्हतं.

मग जमादार माझ्याकडे वळला. "तुम्ही वारस म्हणून, बाई. हरकत नाही, असंच लिहू ना?" त्याचा हात लिहायला लागलाही होता.

"नका लिहू," मी म्हटलं. "माझी हरकत आहे."

सुमन दाराआड होती, तिच्या बांगड्या वाजल्या तेवढ्या ऐकू आल्या. जमादारानं कारण विचारलं. मी सांगितलं, भाऊबंदकीत बांधाचं भांडण चालू आहे, अशा वेळी आमच्या घरात बंदूक नको. तो म्हणाला, "अहो, सख्खा भाऊ आहे तुमचा. आणि तुमचं तर लग्न होऊन गेलंय." मी म्हटलं, लग्न झालं म्हणून बाप बदलत नाही. त्यानं खांदे उडवले आणि लिहून घेतलं. वरचे साहेब काय ठरवतील ते ठरवतील, पण बहिणीचीच हरकत म्हटल्यावर मिळणं अवघड, असं तो जाता जाता पोलीस पाटलांना म्हणाला. दत्तू तोवर उठून गेला होता. तो बैलांना पाण्यावर घेऊन गेला होता. बैल मघाशीच पाणी पिऊन आले होते.

दोन दिवस त्या घरात माझ्याशी कुणी बोललं नाही. सुमन ताट वाढून आत जायची. आणि मी तुमच्याशी मनातल्या मनात भांडत होते, अजून भांडते आहे. सव्वीस वर्षं ज्याला तुम्ही तोंडावर नाही म्हणाला नाहीत, त्याला ते माझ्या तोंडून ऐकवलंत. लाड तुमचे आणि कडू माझ्या वाट्याला. हा कुठला न्याय? एका क्षणी असं वाटतं, आणि दुसऱ्या क्षणी आठवतं की आख्ख्या घरात तुम्ही हे विश्वासानं बोललात ते माझ्याशी. शिकलेली लेक म्हणून नव्हे, वाद घालणारी म्हणून. मी तुमचं नुसतं ऐकलं नसतं, आधी तपासून बघितलं असतं, हे तुम्हाला माहीत होतं. ते आठवलं की राग ओसरतो आणि नुसती तुमची आठवण येते, आणि ती रागापेक्षा जड जाते.

निघायच्या दिवशी दत्तू थांब्यापर्यंत आला. माझी पिशवी उचलली, दुसऱ्या हातात हुरड्याची कणसं. बहिणीला एकटं पाठवायची त्याची छाती झाली नाही. गाडीला उशीर होता. आम्ही दोघं बाभळीखाली उभे होतो, आणि तो पायानं मातीत रेघा ओढत होता.

"आक्के, येक इचारू? खरं सांगशील?"

"इचार."

"आबा तुला काय म्हनले हुते का? माज्याबद्दल?"

गाडीची धूळ वळणावर दिसायला लागली होती. त्यानं मान वर केली नव्हती. तुमच्या तोंडात पेज घालताना जसा वाकायचा तसाच वाकून उभा होता.

"न्हाई रं," मी म्हटलं. "आबा कशाला म्हनतील? त्यांला तुजा पुरा भरवसा हुता. ह्ये समदं माजंच डोस्कं."

त्यानं टॉवेलनं तोंड पुसलं आणि बराच वेळ टॉवेल तोंडावरून काढलाच नाही. मग म्हणाला, "मंग आसू दे. तुजा राग काय, निवंल कवातरी. आबा तसं म्हनले आसते तर मला झेपलं नसतं."

आबा, तुमचं 'नाही' मी माझं म्हणून सांगून टाकलंय. ते आता जन्मभर माझंच राहणार. गाडी आली. त्यानं पिशवी वर दिली आणि गाडी हलेपर्यंत उभा राहिला, पण माझ्याकडे बघितलं नाही.